फिलिंगची चमक महिनाभरात का जाते? नवं पॉलिशिंग किट मागवण्याआधी हे तपासा

पुढच्या दातांच्या कॉम्पोझिटबद्दल (दाताच्या रंगाचं फिलिंग) तक्रार आली की पहिला संशय पॉलिशवर जातो आणि संध्याकाळपर्यंत नव्या किटची ऑर्डर गेलेली असते. स्वतः केलेली आणि दुसरीकडून आलेली अशी दोन्ही फिलिंग्ज वर्षानुवर्षं दुरुस्त करत आल्यावर माझं मत असं झालंय, की दहातल्या सात-आठ वेळा किट निर्दोष असतं. पॉलिश सगळ्यात शेवटी येतं, म्हणून आधी जे जे बिघडलं त्याचं खापर त्याच्यावर फुटतं. फिलिंग कडक करणारा निळा लाइट कमी पडला, थर ओढाताणीत लावला, पॉलिशची एक डिस्क (घासायची गोल चकती) गाळली, आकारच सपाट झाला, तरी पेशंटला दिसतं एकच: "डॉक्टर, चमक गेली."

हे लिहिलंय ते प्रॅक्टिस सुरू करून फार वर्षं न झालेल्या डेंटिस्टसाठी. पेशंट म्हणून वाचत असाल तर लक्षणं आणि सवयींचा भाग तेवढा तुमच्या कामाचा. नेलफाइलने किंवा ऑनलाइन मिळणाऱ्या 'दात पॉलिश' यंत्राने घरी घासू नका. फिलिंगच्या कडेला अर्धा मिलिमीटरसुद्धा इनॅमल नसतं अशा जागा असतात, आणि घासून गेलेलं इनॅमल परत येत नाही.

लक्षणं

ओलं असताना चकचकीत, पण हवा मारून वाळवलं की मंद, पिठूळ.

फिलिंग आणि दात यांच्या सीमेवर पांढरी रेघ. ही त्याच दिवशी, पॉलिश संपता संपता दिसते.

त्याच सीमेवर काही महिन्यांनी तपकिरी रेघ.

सगळं फिलिंग एकसारखं पिवळट किंवा करडं.

सुईच्या टोकाएवढे काळे ठिपके.

जिभेला खरखर, फ्लॉस पिंजून बाहेर येतो, दोन दातांमधली हिरडी ब्रश लागला की रक्त देते.

आणि सगळ्यात फसवं: चमक आहे, शेड जुळलीय, तरी दात खोटा दिसतो.

या सातांची कारणं वेगवेगळी आहेत. तक्रारीत पेशंट सगळ्यांना "पॉलिश गेलं" म्हणेल. आपण तसं म्हणायचं नाही. हातात बर (फिरणारं घासायचं टोक) घेण्याआधी यातलं नेमकं कोणतं, ते ठरवायचं.

आधी नुसतं वाळवून बघा

खर्च शून्य. कॉटन रोल लावा, थ्री-वे सिरिंजने पाच-दहा सेकंद हवा मारा आणि चेअरचा दिवा समोरून न ठेवता एका बाजूने तिरपा टाका. लूप्स असतील तर लावाच. ओल्या फिलिंगवर लाळेचा पातळ थर ओरखड्यांमध्ये भरून बसतो आणि पृष्ठभाग गुळगुळीत दिसतो. बरेच जण याच अवस्थेत "झालं" म्हणून पेशंटला उठवतात. घरी जाऊन बोलता-हसताना दात सुकतो आणि मंदपणा उघडा पडतो.

वाळल्यावर ओरखडे कसे दिसतात तेही पाहा. सगळे एका दिशेने, समांतर असतील तर जाड डायमंड बरचे ओरखडे पुढच्या पायरीने पुसलेच गेले नाहीत. ठरावीक अंतरावर लाटांसारखे खाच-उंचवटे असतील तर हँडपीस (बर फिरवणारं यंत्र) थरथरतोय. ओरखडे नाहीत, पण बारीक खड्डे-खड्डे आहेत, तर पृष्ठभागावरचे फिलर कण (कॉम्पोझिटमधले काचेसारखे बारीक कण) उखडून गेलेत. मग संशय मटेरियलवर किंवा क्युअरिंगवर (लाइटने कडक करण्यावर).

त्यानंतर प्रोब, म्हणजे टोकदार तपासणीचं हत्यार. टोक दाताकडून फिलिंगकडे न्या, मग फिलिंगकडून दाताकडे. जाताना अडकलं आणि येताना अडकलं नाही, तर कॉम्पोझिट दाताच्या वर आलंय, म्हणजे पायरी आहे; ती उतरवता येते. उलट, येताना अडकलं तर फिलिंग दातापेक्षा खोल गेलंय. दोन्हीकडून अडकलं तर मध्ये फट आहे. फट पॉलिशने बुजत नाही, उलट रुंद होते. हे दोन मिनिटांचं काम पुढचा अर्धा तास वाचवतं.

डाग की रंग?

फिलिंगच्या एकाच कोपऱ्यावर रबर कपने अगदी बारीक अॅल्युमिनियम ऑक्साइडची पेस्ट, भरपूर पाण्यासकट, हलक्या हाताने काही सेकंद फिरवा. तेवढा कोपरा उजळला तर डाग वरवरचा आहे. मग कारण बहुधा पेशंटच्या घरी आहे आणि ते विचारल्याशिवाय कळत नाही.

विचारायची पद्धतही महत्त्वाची. आमच्या भागात हा संवाद नेहमीचा:

"काकू, तंबाखू वगैरे?"
"छे, छे, अजिबात नाही."
"आणि मिश्री?"
"ती होय? लावते की सकाळी. संध्याकाळी पण, कधी कधी."

खोटं कुणीच बोललेलं नसतं. भाजलेल्या तंबाखूची पूड दात घासायला वापरली की ती त्यांच्या हिशेबात तंबाखू राहत नाही. फिलिंगच्या दृष्टीने मात्र मिश्री दुहेरी मार आहे: रंगही देते आणि घासतेही. लाल दंतमंजनाचं तेच, कारण त्यात गेरू असतो. कोळशाच्या टूथपेस्टचंही तेच, फक्त ती वापरणारे पेशंट वेगळ्या वयाचे. म्हणून एकेक नाव घेऊन विचारा: मिश्री, गुटखा, मावा, मंजन, कोळशाची पेस्ट, क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश. हा शेवटचा बहुतेक वेळा आपणच लिहून दिलेला असतो, आणि दोन आठवड्यांचा कोर्स पेशंट चार महिने चालू ठेवतो. हळदीचा डाग वेगळा ओळखू येतो, स्वच्छ पिवळा असतो आणि उजेडात हळूहळू फिका पडतो. नव्या फिलिंगला पहिला एक दिवस चहा-कॉफी आणि हळदीचा रस्सा टाळायला सांगते, कारण क्युअरिंगनंतरही पॉलिमरायझेशन साधारण २४ तास चालू राहतं आणि त्याच काळात कॉम्पोझिट पाणी शोषून घेत असतं.

दुसरा प्रश्न: मध्ये कुठे क्लीनिंग केलं का? अल्ट्रासोनिक स्केलरचं टोक फिलिंगवरून फिरलं की ओरखडे ठरलेले. जाड प्युमिसची पेस्ट किंवा सोडा बायकार्बचं एअर पॉलिशिंग झालं तरी चमक जाते. लहान मुलांच्या बाबतीत फ्लोराइड जेल विचारा. आम्लयुक्त एपीएफ जेल काचेच्या फिलर कणांना खातं. पुढे कॉम्पोझिट असलेल्या मुलाला न्यूट्रल सोडियम फ्लोराइड लावावं.

कोपरा उजळलाच नाही आणि पिवळेपणा आतून असल्यासारखा वाटतोय, तर तो मटेरियलचाच रंग बदललाय. अपुरं क्युअरिंग किंवा जुनं झालेलं फिलिंग. यावर घासण्याचा काही उपयोग नाही.

लाइटचं टोक बघा, मग लाइट

आता आपल्याकडे वळू. क्युअरिंग लाइट निळा दिसतो म्हणजे काम करतोय, असं गृहीत धरलं जातं. बहुतेक कॉम्पोझिटमधलं कॅम्फरक्विनोन ४७० नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशाने जागं होतं, आणि तो प्रकाश पुरेसा पोचतोय का हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून आधी फुकटातलं: टोकाला सुकलेलं कॉम्पोझिट चिकटलंय का? प्लास्टिकचं कव्हर दुमडून त्याची शिवण मधोमध आलीय का? असिस्टंट लाइट धरताना पेशंटच्या ओठाला लागू नये म्हणून सेंटिमीटरभर लांब आणि तिरका धरते का? अंतर वाढलं की ऊर्जा झपाट्याने घटते. मोड बघा, कधी कधी 'सॉफ्ट स्टार्ट'वर राहून गेलेला असतो.

रेडिओमीटर (लाइटची तीव्रता मोजणारं यंत्र) असेल तर दर महिन्याला आकडा लिहून ठेवा. स्वस्त रेडिओमीटरचा आकडा तंतोतंत नसतो, पण स्वतःच्याच लाइटची मागच्या महिन्याशी तुलना करायला तो पुरतो.

नसेल तर ही चाचणी करा. जाड स्ट्रॉचा सात-आठ मिलिमीटरचा तुकडा कापा, बाहेरून अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळा, काचेच्या पट्टीवर उभा ठेवून नेहमीचं कॉम्पोझिट ठासून भरा आणि वरून कंपनीने सांगितलेल्या वेळेएवढा लाइट द्या. बाहेर काढून खालचा मऊ भाग प्लास्टिकच्या स्पॅचुलाने खरवडून टाका. उरलेल्या कडक तुकड्याची लांबी मोजून तिचं अर्धं करा. तेवढी तुमच्या लाइटची भरवशाची खोली. अर्धं करण्याची ही पद्धत आयएसओ ४०४९ या मानकातली आहे, कारण कडक वाटणारा सगळाच भाग नीट क्युअर झालेला नसतो. अर्धं करून दोन मिलिमीटरही येत नसेल आणि तुम्ही दोन मिलिमीटरचे थर लावत असाल, तर चमक जाण्याचं कारण सापडलं. अपुरं क्युअर झालेलं कॉम्पोझिट पॉलिशच्या वेळी चकाकतंसुद्धा, पण तो मऊ रेझिन (फिलर कण धरून ठेवणारं प्लास्टिकसारखं द्रव्य) पसरल्याचा भास असतो. टूथब्रश त्याला पंधरा दिवसांत उतरवतो. गडद आणि ओपेक शेडला ही खोली आणखी कमी मिळते, त्यांची चाचणी वेगळी करा.

हवेतलं तेल आणि पाणी

हेही फुकटात होतं, आणि हे फारसं कुणी तपासत नाही. स्वच्छ माउथ मिररवर थ्री-वे सिरिंजची फक्त हवा दहा सेकंद मारा. थेंब दिसले तर लाइनमध्ये पाणी आहे. बोट फिरवल्यावर इंद्रधनुषी तवंग राहिला तर कॉम्प्रेसरचं तेल येतंय. एच केलेल्या (अॅसिडने खडबडीत केलेल्या) इनॅमलवर हे तेल बसलं की बॉण्ड (चिकटवणारं द्रव) धरत नाही. फिलिंग पडत नाही म्हणून कळत नाही, फक्त सहा महिन्यांनी कडेने तपकिरी रेघ उमटते. कोकणात पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज काढलंच पाहिजे. तेल येत असेल तर स्वतः खटपट करू नका. फिल्टर आणि पिस्टन रिंग बघणं हे कॉम्प्रेसर सर्व्हिसवाल्याचं काम.

याच वेळी बॉण्डची बाटलीही हलवून बघा. अॅसिटोन किंवा अल्कोहोल असलेल्या बॉण्डचं झाकण दिवसभर उघडं राहिलं तर सॉल्व्हंट उडून जातं आणि बाटलीत उरतो तो घट्ट चिकटा. फ्रिजमधली कॉम्पोझिटची सिरिंज काढून लगेच वापरू नका. गार कॉम्पोझिट ताठ असतं, नीट बसत नाही, त्यात हवा अडकते.

चिकट थर

कॉम्पोझिटच्या सगळ्यात वरच्या थराला हवेतला ऑक्सिजन पूर्ण क्युअर होऊ देत नाही. क्युअरनंतर बोटाला लागतो तो चिकटपणा हाच. बरने आकार देताना तो बहुतेक ठिकाणी निघून जातो. राहतो तो कडेला आणि दोन दातांच्या मध्ये, जिथे आपण घाबरत-घाबरत जातो. आणि तिथेच आधी डाग पडतो. उपाय स्वस्त आहे: शेवटचा थर लावल्यावर वर पारदर्शक ग्लिसरीन जेल पसरवा आणि जेलमधून आणखी २० सेकंद लाइट द्या. जेल पाण्याने धुऊन जातं.

मायलर स्ट्रिपखाली (पारदर्शक प्लास्टिकच्या पट्टीखाली) क्युअर झालेला भाग अतिशय गुळगुळीत असतो आणि तो तसाच ठेवायचा मोह होतो. पण त्या थरात रेझिन जास्त आणि फिलर कमी असतात. तो मऊ असतो, लवकर झिजतो, लवकर रंग धरतो. हलक्या हाताने का होईना, तो काढावाच.

पायऱ्या गाळू नका

आता कुठे आपण प्रत्यक्ष पॉलिशवर आलो. सुतार लाकडावर ८० नंबरचा पेपर मारून एकदम पॉलिशचा हात देत नाही. मधले पेपर असतात ते आधीच्या पेपरचे ओरखडे पुसायला. डिस्कचं गणित तेच आहे. निळ्या पट्टीच्या डायमंडचे कण साधारण १०० मायक्रॉनचे, लाल पट्टीचे ४०च्या आसपास, पिवळ्या पट्टीचे २०च्या आसपास. निळा बर पृष्ठभागावर फिरवून लगेच रबर कप लावला तर रबर कप ते खोल ओरखडे पुसत नाही, त्यांचे कंगोरे फक्त गोल करतो. ओलं असताना चमक, वाळल्यावर पिठूळ, ते बहुतेक वेळा इथून येतं.

अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या डिस्क चार जाडीच्या येतात आणि चारही वापरायच्या असतात. हा कण बहुतेक फिलरपेक्षा कठीण असतो, म्हणून फिलर आणि रेझिन दोन्ही एका पातळीत कापले जातात. कमी कठीण अब्रेसिव्ह फक्त मऊ रेझिन खातं आणि फिलर उघडे पाडतं. प्रत्येक डिस्क पृष्ठभागाच्या एका भागावर १५-२० सेकंद फिरवा, दाब अगदी कमी, आणि दोन डिस्कच्या मध्ये पाण्याने धुवा. जाड डिस्कचा एखादा कण मागे राहिला तर पुढची बारीक डिस्क त्याच कणाने पुन्हा ओरखडा काढते. तीन डिस्क झाल्या, चौथी वेळेअभावी राहिली, असं असेल तर काम अर्धवटच आहे.

जुन्या डिस्कबद्दल स्पष्टच बोलते. डिस्क एकदा वापरायची वस्तू आहे. ऑटोक्लेव्ह करून तीच चौथ्या पेशंटला वापरली तर ती कापत नाही, नुसती घासून गरम करते. मधल्या धातूच्या छिद्राचा भाग कॉम्पोझिटला टेकला तर करडी-काळी रेघ उमटते. ती डाग म्हणून घासत बसू नका, नव्या डिस्कच्या कडेने एका फटक्यात जाते.

शेवटी पेस्ट: आधी डायमंडची, मग अॅल्युमिनियम ऑक्साइडची, फेल्ट किंवा मऊ बकरीच्या केसांच्या ब्रशने. इथे वेग कमी, पाणी थोडं. किती गुळगुळीत म्हणजे पुरे? खडबडीतपणा ०.२ मायक्रॉनच्या खाली गेला की त्यापुढे जिवाणूंचा थर कमी होत नाही, हे १९९७ पासून सर्वमान्य आहे. त्याहून जास्त चमक पेशंटच्या डोळ्यांसाठी, हिरडीसाठी नाही.

आणि कोरडं घासू नका. कोरड्या डिस्कने ओरखडे चांगले दिसतात, हे खरं. पण उष्णता थेट आत जाते. झाक आणि कोहेन यांनी १९६५ मध्ये माकडांच्या दातांवर दाखवलं होतं, की पल्पचं (दाताच्या आतल्या जिवंत गाभ्याचं) तापमान साडेपाच अंश सेल्सिअसने वाढलं तरी काही दातांचा पल्प कायमचा जातो. थांबून-थांबून, हलक्या स्पर्शाने, दात ओला ठेवून काम करा. उडणारी भुकटी तुमच्या छातीत जाते ते वेगळंच, सक्शन जवळ धरायला सांगा.

सगळं नीट करूनही लाटा उमटत असतील तर काँट्रा-अँगलमध्ये (वाकड्या मानेच्या हँडपीसमध्ये) बर बसवून बोटाने हलवून बघा. खेळ असेल तर चक (बर धरणारी पकड) किंवा बेअरिंग गेलंय. हँडपीस दुरुस्तीला पाठवा, चमक परत येईल.

चुकीचं मटेरियल चुकीच्या जागी

दाढेसाठी आणलेली बल्क-फिल (एकाच जाड थरात भरायच्या कॉम्पोझिटची) सिरिंज हाताशी होती म्हणून पटाशीच्या दातावर वापरली, असं होतं. मोठे फिलर कण असलेलं कॉम्पोझिट आज चमकवता येतं, पण ब्रशने रेझिन झिजलं की कण उखडतात आणि खड्डे राहतात. पुढच्या दाताच्या बाहेरच्या थराला नॅनोफिल, चांगलं नॅनोहायब्रिड किंवा मायक्रोफिल, म्हणजे बारीक कणांचं कॉम्पोझिट हवं. आत काहीही असू दे, वरचा अर्धा-एक मिलिमीटर यातला असावा. जुनं फिलिंग कशाचं आहे हे माहीत नसेल आणि दोन वेळा पॉलिश करूनही चमक टिकत नसेल, तर तिसऱ्यांदा घासू नका. वरचा पातळ थर काढून योग्य मटेरियलचा नवा थर द्या.

चमक आहे, पण दात खोटा दिसतो

मला सगळ्यात आवडणारी तक्रार, कारण इथे पॉलिशवाले हात वर करतात. पटाशीच्या दाताचा पुढचा भाग सपाट नसतो. दोन्ही बाजूंना उभ्या कडा असतात, जिथे पृष्ठभाग वळून बाजूला जातो, आणि उजेड तिथे अडकून दोन उभ्या चकाकत्या रेषा दिसतात. डोळा दाताची रुंदी ठरवतो तो या दोन रेषांमधल्या अंतरावरून. डिस्क फिरवता फिरवता पुढचा भाग सपाट झाला की रेषा एकमेकींपासून दूर जातात आणि दात रुंद, गुळगुळीत, प्लास्टिकसारखा दिसतो.

यासाठी दोन रुपयांची पेन्सिल लागते. दात वाळवा. शेजारच्या खऱ्या दाताच्या कडांवर साध्या शिसपेन्सिलने उभ्या रेषा काढा, मग फिलिंग केलेल्या दातावर. समोरून आणि कापणाऱ्या कडेच्या बाजूने, खालून वर बघा. रेषांमधलं अंतर सारखं नसेल तर फरक कुठे आहे ते लगेच दिसतं. फिलिंगची रेषा फार बाहेर असेल तर रेषेच्या बाहेरचा भाग बारीक डिस्कने थोडा उतरवा. कड आत सरकते. पुन्हा पुसा, पुन्हा वाळवा, पुन्हा काढा. तीन-चार फेऱ्यांत जुळतं. कड आधीच घासली गेली असेल तर काढून जुळणार नाही, कॉम्पोझिट वाढवावं लागेल.

तरुण पेशंटच्या दातावर बारीक आडव्या लाटा आणि मधे उथळ उभ्या खाचा असतात. फिलिंग आरशासारखं केलं तर शेजारच्या दाताशी बिनसतं. पिवळ्या पट्टीचा बर कमी वेगात, जवळजवळ न टेकवता, आडवा फिरवून ती जाणीव आणता येते, मग फक्त ब्रश आणि पेस्ट. इथे डिस्क लावली तर केलेलं सगळं पुसलं जाईल.

पांढरी रेघ

ही दिसली की हात थांबला पाहिजे. इनॅमलच्या कडेचे सूक्ष्म तुकडे उडालेत, किंवा कॉम्पोझिट आकसताना कड ओढली गेलीय, किंवा कोरड्या गरम बरने फट उघडलीय. आणखी घासून ती जात नाही, फक्त सरकते. त्याच बैठकीत, वाळवून, ३७ टक्के फॉस्फोरिक अॅसिड १५ सेकंद, धुणं, वाळवणं, मग बिनफिलरचं पातळ रेझिन फटीत शिरू द्या, हवेने पातळ करा, क्युअर करा, ग्लिसरीनखाली पुन्हा क्युअर करा आणि शेवटच्या डिस्कने हलका हात. ताज्या रेघेवर हे चांगलं चालतं. जुन्या तपकिरी रेघेवर चालत नाही, कारण फटीत आधीच डाग आणि जिवाणू बसलेत.

पुढच्या वेळी होऊ नये म्हणून: इनॅमलला बेव्हल (तिरपी कड) द्या, पातळ थर लावा, आणि डिस्क कडेवर फिरवताना कॉम्पोझिटकडून दाताकडे न्या.

काळे ठिपके म्हणजे अडकलेल्या हवेची उघडी पडलेली छिद्रं. घासून एक बुजवलं तर खाली दुसरं उघडतं. छोट्या गोल बरने उघडून, खडबडीत करून, बॉण्ड लावून फ्लोएबल (पातळ, वाहतं कॉम्पोझिट) भरा. दोन दातांमधली खरखर असेल तर धातूच्या स्ट्रिपने नाही, जाडीच्या क्रमाने प्लास्टिकच्या फिनिशिंग स्ट्रिपने, वरची संपर्काची जागा वाचवून. फ्लॉस न पिंजता गेला पाहिजे आणि 'टक' करून अडकून बाहेर आला पाहिजे.

कुठे थांबायचं

तपकिरी रेघेत प्रोब मऊ लागला किंवा आरव्हीजीवर (दाताच्या डिजिटल एक्स-रेवर) फिलिंगखाली काळी सावली दिसली, तर ती कीड आहे. पॉलिशचा विषय संपला, फिलिंग काढा.

गार पाणी लागल्यावर कळ मिनिटभर टिकते, रात्री जाग येते, चावताना दुखतं, किंवा दात मार लागल्यापासून करडा होत चाललाय: यातलं काहीही असेल तर घासकाम बंद करून एंडोडॉन्टिस्टकडे पाठवा. चमकवलेल्या दाताला पुढच्याच आठवड्यात रूट कॅनल लागलं तर पेशंटच्या डोक्यात दोष तुमच्या डिस्कचाच राहतो, आणि तो काढून टाकता येत नाही.

कोपऱ्याचं मोठं फिलिंग दुसऱ्यांदा तुटलं, किंवा रात्री दात खाण्याची सवय आहे आणि सगळेच दात झिजलेत, तर प्रोस्थोडॉन्टिस्टचं मत घ्या. चावा न बदलता तिसरं फिलिंग केलं तर तेही तुटेल. आर्टिक्युलेटिंग पेपर लावून खुणा बघितल्याशिवाय तुटलेल्या कोपऱ्याला हात लावू नका.

कड हिरडीच्या खाली खोल गेलीय आणि रक्त थांबत नाही, अशा जागी बर नेऊन दात आणि हिरडी दोन्ही जखमी होतात. मुळाच्या पृष्ठभागावर तर डिस्क सहज खाच पाडते. हे पेरिओडॉन्टिस्टचं काम.

आणि जिथे घासण्यासारखं कॉम्पोझिट उरलेलं नाही, डिस्कखाली इनॅमल यायला लागलंय, तिथे काढणं थांबवून भर घालायची.

पाठवताना चिठ्ठीत "फिलिंग फेल्युअर, कृपया बघावे" एवढंच लिहू नका. कॉम्पोझिटचं नाव आणि शेड, बॉण्ड कोणता, फिलिंग केल्याचा महिना, किती वेळा पॉलिश झालं, मिश्री-तंबाखूची सवय आणि आधीचे फोटो, तेही वाळवून काढलेले. पुढच्या डॉक्टरला निम्मी तपासणी पुन्हा करावी लागत नाही, आणि पेशंटलाही पहिल्यापासून सगळं सांगत बसावं लागत नाही.